श्वास मोजा, मग औषध द्या

दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. तान्ही मुलेही सोबत असतात. फडाजवळच्या कोपीत थंडी, चुलीचा धूर आणि दाटी. मूल खोकू लागते. मग ‘प्रतिकारशक्ती वाढेल असे काही द्या’ म्हणून पालक बाटली मागतात आणि आपण ती देतोही. या सवयीचा फेरविचार व्हावा, असे मला वाटते.

अर्भकांच्या सूक्ष्म श्वासनलिकांना येणाऱ्या सुजेस बहुधा आर.एस.व्ही. हा विषाणू कारणीभूत असतो. अशा अर्भकांच्या श्वासमार्गातील स्रावात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे आधिक्य आढळते. विषाणूशी लढण्यास आलेल्या या पेशींतील विकरे श्वासमार्गाच्या अस्तरासही इजा करतात. मृत पेशी व कफ यांनी मुळातच अरुंद नलिका बुजतात. येथे रक्षकांची उणीव नसते. त्यांची गर्दीच वाट अडविते. प्राणवह स्रोतसातील संग तो हाच, असे मी मानतो. व्याधिक्षमत्व म्हणजे व्याधिबलाला विरोध आणि व्याधीच्या उत्पत्तीस प्रतिबंध, असे चक्रपाणींनी सांगितले; दाह पेटल्यावर केवळ बल वाढवीत राहावे, असा त्याचा अर्थ नव्हे.

म्हणून प्रथम मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावा. दोन महिन्यांखालील अर्भकात ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक श्वास असल्यास मुलास विनाविलंब बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, अंगावर न पिणे, ओठ निळसर होणे ही लक्षणे दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. तसेच एक वर्षाखालील मुलास चाटणातूनही मध देऊ नये. त्यातून बॉट्युलिझमचा धोका संभवतो.

हे अवघड नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक व दायांना श्वास मोजण्यास आणि न्युमोनियावर प्रतिजैविक देण्यास शिकविले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात न्युमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्के कमी आढळले. अल्पशिक्षित दाई जे करू शकली, ते पदवीधर वैद्यास का जमू नये?

रुग्ण हातचा जाईल, विक्री घटेल, अशी शंका काही बंधू घेतील. परंतु वेळेवर पाठविलेले मूल बरे होऊन घरी आले, तर ते कुटुंब आपल्याला विसरत नाही. औषधालयाच्या मेजावर सेकंदकाट्याचे एक घड्याळ ठेवावे, एवढीच विनंती.