देणेकऱ्याची 'ऑफर'

मी मराठीचा मास्तर. शब्द भलत्या अर्थाने वापरला की अजूनही हात लाल शाईच्या पेनाकडे जातो. सध्या राग आहे तो 'ऑफर' या शब्दावर. साडीवर ऑफर, रिचार्जवर ऑफर... ठीक आहे, दुकान चालवायचे आहे त्यांना. पण जो आपले पैसे देणे लागतो त्यानेच 'तुमच्यासाठी खास ऑफर' म्हणावे? कंपनी सदोष फोन परत मागवते, म्हणजे रिकॉल करते, तेव्हा नेमके हेच घडते.

सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ आठवतो ना? ऑगस्ट २०१६ मध्ये बाजारात आला आणि बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. २ सप्टेंबरला सुमारे २५ लाख फोनांचा रिकॉल जाहीर झाला. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादनच बंद केले. भारतात ५९,९०० रुपये किंमत जाहीर झाली होती, पण विक्री सुरू होण्याआधीच हे सारे घडले, म्हणून आपण वाचलो.

अमेरिकेत पूर्ण पैसे परत किंवा दुसरा फोन, असे दोन्ही पर्याय दिले. इथवर उत्तम. पण पुढे पाहा. सॅमसंगचाच दुसरा फोन घेणाऱ्याला १०० डॉलरपर्यंत सूट आणि पैसे परत घेणाऱ्याला २५ डॉलर. अहो, पेटणारी वस्तू दोघांनी सारखीच खिशात बाळगली, खेटे दोघांनी सारखेच घातले. मग एकाचा त्रास चौपट महाग कसा? वरचे पैसे त्रासाचे नव्हतेच, ते गिऱ्हाईक टिकवण्याचे होते. भरपाईच्या पाकिटात जाहिरात घालून दिली, इतकेच.

दक्षिण कोरियात तर आणखी गंमत. नोट ७ देऊन एस ७ घ्या, त्याची निम्मी किंमत भरा, मग तो परत करून पुढच्या वर्षीचा एस ८ किंवा नोट ८ घ्या! म्हणजे ज्याने पोळून घेतले त्यानेच पुढेही याच दुकानाच्या पायऱ्या चढायच्या. आमच्या शिरूर कासारच्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही. ऊसतोडणीची उचल अशीच असते. हातात पैसे पडतात, पण हंगाम मुकादमाकडे बांधला जातो.

भाचेमंडळी म्हणतील, 'मामा, सक्ती कुठे आहे? नको असेल तर घेऊ नका.' बरोबर. पण सोडून जाणाऱ्याला कमी आणि थांबणाऱ्याला जास्त, ही सक्तीचीच धाकटी बहीण. आणि आठ हजारांचा फोन घेणाऱ्याला 'फक्त तीन हजार भरा, वरचे मॉडेल न्या' म्हटले, तर चूक कंपनीची आणि हप्ता त्याचा! त्यातून मुदत महिन्याभराची असली, तर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या तळावर गेलेल्या जोडप्याने काय करायचे?

सरळ वागता येत नाही असेही नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत इशारा दिला होता. बॅटरीवरचा क्रमांक जुळला की नवी बॅटरी फुकट. वरचे मॉडेल नाही, कुपन नाही. जे सदोष तेच बदलून दिले.

आपला कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २० नुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू परत मागवायला लावू शकते आणि ग्राहकाला तिची किंमत परत द्यायचा आदेशही देऊ शकते. किंमत, बरं का! कुपन नव्हे. तक्रारही आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. कंपनीच्या गावी जायला नको.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. आधी पूर्ण पैसे रोख परत करा. कव्हर, काच आणि गावाहून येण्या-जाण्याचा खर्चही द्या. राहणाऱ्याला आणि जाणाऱ्याला भरपाई सारखीच. हे सगळे चुकते झाल्यावर खुशाल नव्या फोनची ऑफर घेऊन या, बसायला चटई टाकू, चहाही पाजू.

असो. पटले तर कळवा. नाही पटले तर अवश्य कळवा.