घाटातली दरड आणि बंदीची पाटी

मृगाचा पाऊस लागला की महाडाहून भोरकडे चढणाऱ्या वरंध घाटाबद्दल सरकारी हुकूम निघतो : दरडीचे भय, वाहतूक बंद. अलीकडच्या वर्षांत हे वारंवार झाले आहे. हुकूम चुकीचा आहे असे आमचे म्हणणे नाही. जिवापुढे ताम्हिणीचा वळसा काय मोठा! पण उरलेले आठ महिने कडा कोरडा उभा असतो, त्या दिवसांत त्याचे काय केले, हे विचारण्याचा हक्क श्रीवर्धनच्या सुपारीवाल्याला आणि एस.टी.ने जाणाऱ्या सुतार-कुंभाराला आहे की नाही?

दरड ही देवाची करणी नव्हे. सह्याद्रीचा काळा कातळ थराथरांचा, त्याला उभ्या चिरा. रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापला, सुरुंग लावले, म्हणजे त्या चिरा सैल होतात; त्यांत पाणी शिरते, झाडाची मुळे शिरतात, आणि एके रात्री धोंडा सुटतो. इंजिनियराला हे ठाऊक आहे आणि आमच्या वडारबंधूलाही. पहारीचा ठोका मारून कोणता धोंडा पोकळ वाजतो ते तो सांगतो. घाटाच्या तोंडाशी नारळ फोडून व भटजीला दक्षिणा देऊन चीर बुजत नाही, हे आता सांगावयास नकोच. तरी फोडणारे फोडतातच.

उपाय आपल्याच जिल्ह्यात झाले आहेत. जुलै २०१५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्यापाशी दरड कोसळून माणसे दगावली; त्यानंतर सैल धोंडे काढून कड्याला पोलादी जाळ्या ठोकल्या. १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यात करंजाडीजवळ रुळावर पडलेल्या धोंड्यांवर मत्स्यगंधा एक्सप्रेस आदळली व डबे पुलाखाली गेले. कोकण रेल्वे आज पावसाळ्यात गाड्या हळू चालविते, रात्री गस्त घालते, जाळ्या लावते. म्हणजे विद्या आहे, पैसाही निघतो. टोल भरणाऱ्याच्या वाटेवर तो लौकर निघतो, एवढेच.

जाळी म्हणजे सर्व काही, असेही कोणी समजू नये. ती सुटा धोंडा अडवून पायथ्याच्या चरात उतरविते. चर उपसला नाही तर दुसरा धोंडा रस्त्यावरच येणार. माथ्यावर पाणी वळविणारे गटार हवेच. आणि सबंध उतारच आला, २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर आला व ऐंशीहून अधिक माणसे गेली तसा, तर कोणतीही जाळी टिकत नाही. जुलै २०२३ मध्ये आडोशीलाही पुन्हा माती उतरलीच. म्हणून ठेकेदाराचे बिल फिटले की काम संपले, हा हिशेब खोटा. जोतीराव फुल्यांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती. अशा हिशेबात पाणी कोठे मुरते हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी किनाऱ्यालगतच्या टेकड्या कापल्या जातील. उताराचा बंदोबस्त त्याच कंत्राटात आधी लिहिला पाहिजे, दरड पडल्यावर नव्हे. आणि जुन्या घाटांत होळीपासून मृगापर्यंत सैल धोंडे काढण्याचे काम वडार व कातकरी बंधूंना पुऱ्या मजुरीने द्यावे. दोराला लोंबकळणाऱ्या माणसाचा विमा आधी उतरवावा. कोणत्या कड्यावर किती खर्च झाला, तो कागद मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला पाहिजे.

१ मेच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. अधिकारी ‘पाहतो’ म्हणाला, तर कोणत्या तारखेस पाहणार ते वहीत लिहून खाली त्याची सही घ्या.