मदरबोर्ड घेताय? आधी खाच पाहा!

काय दोस्तांनो, घरी कॉम्प्युटर जोडायचा बेत आहे ना? मग रंगीत दिव्यांच्या मदरबोर्डवर लगेच भाळू नका. आधी प्रोसेसर ठरवा. बोर्डावरचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसरची बैठक, त्याच्याशी जुळायलाच हवं. एएमडीचं एएम ५ सॉकेट २०२२ साली आलं. आधीच्या एएम ४ चा प्रोसेसर त्यात बसत नाही.

रॅमचंही तसंच. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ च्या पट्ट्या दिसतात सारख्या, पण खाच वेगळ्या जागी! माझ्या भाच्याने जुनी डीडीआर ४ पट्टी वापरायची ठरवली आणि बोर्ड आणला एएम ५ चा. त्याला लागते डीडीआर ५. दुकानदार काही बोर्ड परत घेईना. बिचाऱ्याचे खाऊचे साठवलेले पैसे नव्या पट्टीत गेले.

आईबाबांनो, बिल करण्याआधी बोर्डाचं पूर्ण नाव लिहून घ्या. कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर आहे का, ते बघा. दिवे नंतर!