राखण दोघांची, पगार एकाचा

पुण्याच्या आसपासच्या बांधकामांवर मी मजूर स्त्रियांबरोबर काम करते. फाटकाशी पत्र्याची एक खोली असते, तिथे वॉचमन बायकापोरांसह राहतो. ठेकेदार मुद्दामच जोडपे ठेवतो. रात्रभर जागलेला नवरा दिवसा झोपतो, तेव्हा सळया, सिमेंटच्या गोण्या आणि सेंट्रिंगच्या प्लेटांवर नजर ठेवते ती बायको. येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच हटकते, शिवाय स्लॅबवर पाणी मारते. हजेरीपटावर नाव मात्र एकट्या नवऱ्याचे. ती म्हणे नुसती ‘मदत करते’!

स्लॅबवर पाणी मारणे हे बांधकामाचेच काम आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जिचे नावच पटावर नाही, तिला तो देणार कोण? मजुरी तर बुडतेच, पण मंडळाच्या योजनांवरचा तिचा स्वतःचा हक्कही बुडतो.

माल हरवला की मात्र ती एकदम सर्वांना दिसू लागते. पहिली झडती तिच्या खोलीची. मग सुटीच्या वेळी मजूर बायांची गाठोडी फाटकावर सोडायला लावतात, तीही पुरुषांसमोर. १२ मीटरची सळई कुणाच्या ओच्यात मावते? ती ट्रकमधूनच जाते, आणि ट्रकचे चलन या बाया लिहीत नाहीत.

मैत्रिणींनो, चोरी थांबवायची तर मालाची आवकजावक नोंदवा म्हणावे. झडती घ्यायचीच तर मुकादमापासून सर्वांची घ्या, आणि बाईची झडती बाईनेच घ्यावी. राखण दोघांची असेल तर पटावर नावे दोन आणि पगारही दोन! ही मागणी साईटसाईटवर आपणच लावून धरली पाहिजे.