बडा टर्बो, पोकळ वासा

आपल्या हॉस्टेलवर दोन विषयांवर आजवर कधी एकमत झालेलं नाही. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा म्हणजे गाडीचा टर्बो. भाजीबद्दल बोलून काही उपयोग नाही, म्हणून टर्बोबद्दल लिहितो.

ही चर्चा फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते, "केवढा मोठा बसेल?" माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे. गाडी कोणत्या आरपीएमला चालणार आणि तेव्हा इंजिन किती हवा मागणार, हे आधी विचारा. त्याचं उत्तर कागदावर आल्याशिवाय भंगार बाजारात पाऊलही टाकू नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण टर्बोसाठीच केली असावी!

इतिहास बघा. १९७३ साली बीएमडब्ल्यूने २००२ टर्बो काढली. इंजिन दोन लिटरचं, ताकद १७० हॉर्सपॉवर. पण खालच्या आरपीएमला गाडी निवांत आणि मग एकदम पाठीत लाथ! त्यात तेलटंचाई आली आणि जेमतेम दोन वर्षांत गाडी बंद झाली. त्याच दशकाच्या शेवटी साबने ९९ टर्बो आणली. इंजिन तेही दोन लिटरचं, ताकद फक्त १४५. पण टर्बो लहान आणि जादा बूस्ट सोडून द्यायला वेस्टगेट. रोजच्या गाडी चालवण्यात जिथे जोर लागतो तिथेच तो मिळायचा. त्या जोरावर साबने पुढे तीस वर्षं नाव कमावलं. कागदावर कोण मोठा होता आणि टिकलं कोण?

आता थोडं गणित. घाबरू नका, बारावीपुरतंच आहे. १६०० सीसीचं, मूळ १०० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन घ्या आणि २०० चं स्वप्न बघा. दर १० हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण ०.४५ किलो हवा लागते, म्हणजे आपल्याला ९ किलो हवी. फोर-स्ट्रोक इंजिन दर फेऱ्याला निम्मा सीसी ओढतं. ६५०० आरपीएमला, ९० टक्के भरण धरून, ती होते मिनिटाला ४.७ घनमीटर. एवढ्या जागेत ९ किलो कोंबायची, तर इंटरकूलरनंतरची हवा ५० अंशांवर धरून मॅनिफोल्डमध्ये सुमारे १.८ बार दाब लागतो. फिल्टर आणि इंटरकूलरमधली गळती धरली की कॉम्प्रेसरचं प्रेशर रेशो येतं १.९५ च्या आसपास.

हा झाला एक बिंदू. पण पूर्ण बूस्ट ३००० आरपीएमलाच हवा असेल, तर तिथे हवा लागते जेमतेम ४ किलो. हे दोन्ही बिंदू कॉम्प्रेसर मॅपवर टाका. १८ किलोचा 'राक्षस' घेतलात तर दुसरा बिंदू सर्ज लाइनच्या डावीकडे पडेल. म्हणजे हवा पुढे जायच्या ऐवजी उलटी धडका मारणार आणि बेअरिंगचे हाल होणार. शिवाय जड टर्बाइन फिरायला वेळ घेणार तो वेगळाच.

एफिशियन्सी ७० टक्के असेल तर ३५ अंशांची हवा कॉम्प्रेसरमधून साधारण १३० अंशांवर बाहेर पडते, ५५ टक्के असेल तर १५० च्या वर. हे वीस-पंचवीस अंश इंटरकूलरच्या बोकांडी बसतात. त्याला झेपलं नाही तर नॉकिंग, आणि मग पिस्टनची वाट!

तुम्ही म्हणाल, "लहान टर्बो वर दम टाकतो ना?" टाकतो. पण एका लॅपमध्ये किती सेकंद तुम्ही रेडलाइनवर असता? वळणातून बाहेर पडताना जो जोर लागतो तो मधल्या आरपीएमचा.

टर्बो कुठे बसवायचा, हा प्रश्न आपल्याकडे "जिथे जागा सापडेल तिथे" असा सुटतो. एक्झॉस्ट पोर्टपासून लांब नेला की वायू थंड होतो, त्याचे ठोके विरतात आणि टर्बाइन आळशी होते. पण जवळ म्हणजे कुठेही नव्हे. बेअरिंगमधून फेसाळलेलं ऑइल फक्त उताराने परत येतं. त्यामुळे ड्रेन पाइप जाड आणि शक्य तितका सरळ खाली हवा, आणि तो संपमध्ये ऑइलच्या पातळीच्या वरच उतरायला हवा. नाहीतर ऑइल सील ओलांडतं आणि निळा धूर निघतो. पाच-सात किलोचं लाल झालेलं ओझं पातळ मॅनिफोल्डवर टांगलं तर तडा जाणारच. आणि टर्बो फायरवॉलकडे असेल तर हीट शील्ड हवीच. डॉट ३ ब्रेक फ्लुइड नवं असतानाही २०५ अंशांच्या आसपास उकळतं. उकळलं की पेडल थेट तळाला, आणि गाडीत आपलाच रूम पार्टनर बसलेला असतो.

फॉर्म्युला स्टुडंटवाल्यांसाठी तर मोठ्या टर्बोचा मोह म्हणजे निव्वळ वर्गणीची नासाडी. नियमानुसार पेट्रोल गाडीला कॉम्प्रेसरच्या आधी २० मिलिमीटरचं रिस्ट्रिक्टर असतं. त्याच्या घशात हवेने ध्वनीचा वेग गाठला की संपलं. मिनिटाला साधारण ४.४ किलो, म्हणजे शंभरेक हॉर्सपॉवर. पुढे कितीही मोठा पंखा लावा, घसा तेवढाच!

आणि हे सगळं टेस्ट बेंचवर आणि ट्रॅकवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. टर्बोसाठी वर्गणी काढण्याआधी दोन बिंदू टाकलेला मॅप आणि ऑइल ड्रेनचं स्केच वर्कशॉपच्या फळ्यावर लागलं पाहिजे. सरांनाही विनंती, व्हायव्हात "किती हॉर्सपॉवर?" हे शेवटी विचारा. आधी विचारा, "मॅप कुठाय?"