सातबारा म्हणजे पेन्शन नव्हे

आज पिकाचं नाही, घरच्या हिशोबाचं बोलायचंय.

शहरातली नोकरदार पोरं हल्ली पंचेचाळिशीतच रिटायर व्हायचं म्हणतात. त्यांचं सूत्र असं, की वर्षाच्या खर्चाच्या 25 पट पैसा गुंतवायचा आणि दरवर्षी त्यातला 4 टक्के काढून खायचा. हा हिशोब अमेरिकेतल्या शेअर-बॉण्डच्या जुन्या आकड्यांवर, 30 वर्षांसाठी बसवलेला आहे. आपल्या घराला महिन्याला 20 हजार धरा. वर्षाचे 2 लाख 40 हजार, म्हणजे 60 लाख झाले. मग कुणीतरी म्हणतंच, "तुमचं काय, रोडटच दोन एकर विकलं की झालं!"

मला हे पटत नाही. जमिनीची किंमत कागदावर कितीही असो, त्यातून दर महिन्याला किराणा येत नाही. आणि एकदा विकली की परत घेणं आपल्या हातात राहत नाही.

माझ्या मते शेतकऱ्याचं स्वातंत्र्य आधी एकाच गोष्टीत आहे. घरखर्च पिकाच्या पैशावर अडकलेला नसावा. 2024 ची दिवाळी आठवा. सोयाबीनचा हमीभाव 4892 आणि मोंढ्यात भाव त्याच्या कितीतरी खाली. ज्याच्या डोक्यावर कृषी केंद्राची उधारी आणि रब्बीचं बियाणं, त्यानं ओला माल तसाच घातला. खरेदी केंद्रावर 12 टक्के ओलाव्याची अट, नंबर लागायला वेळ, पैसे जमा व्हायला आणखी वेळ. तेवढं थांबायची ऐपत असणाराच तिथं गेला. क्विंटलला 700 चा फरक धरला तरी 30 क्विंटलला 21 हजार होतात. घराचा एक महिना निघाला की!

म्हणून 60 लाखांचं राहू द्या, आधी एक वर्षाचा घरखर्च बँकेत वेगळा ठेवा. दुधाचं बिल त्यातच जाऊ द्या. पीककर्ज वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंत केंद्र आणि राज्याच्या सवलतीनं व्याज शून्यावर येतं, ते थकवून बाहेरून पैसे उचलू नका. आणि पाच एकराला हप्त्याचा ट्रॅक्टर... जाऊ द्या, त्यावर बोललं की लोक रागावतात.

किसान मानधन योजनेत 18 ते 40 वयाच्या, 2 हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यानं महिना 55 ते 200 रुपये भरले की साठीनंतर 3000 मिळतात. आपलं वय गेलं, पण पोराचं-सुनेचं नाव घालायला हरकत नाही. 3000 मध्ये आजच भागत नाही, हेही खरं.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. आपण रिटायरमेंट म्हणतो ती फक्त गड्याची. खुरपणं, धारा, सोंगणी करून बाईची कंबर आपल्या आधी जाते, आणि सातबाऱ्यावर नाव एकट्या आपलं. लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. पोरांच्या नावावर वाटणी करायची घाई असते, पण आधी हे करा. उद्या आपण नसलो तर म्हातारपणी तिनं सुनेपुढं हात पसरायचा का?

आमच्याकडे दोघांचं ठरलंय. साठीला निम्मं रान ठोक्यानं द्यायचं, लेखी करार करून, आणि ठोक्याचा पैसा सौ.च्या खात्यावर. तुमच्या भागात ठोक्याचा करार लेखी करतात का, तेवढं सांगा.