धरणाच्या पाण्यावर शिडे उभारा

नंदुरबारला समुद्र नाही, म्हणून नौदल हे आपल्या पोरांचे काम नव्हे, अशी समजूत इथल्या घरांत, शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांतही मुरलेली आहे. भरती म्हटली की आपल्याला मैदान आठवते, पाणी नाही. ही समजूत किती पोकळ आहे, हे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी यांच्या चरित्रावरून कळावे.

प्रकाशाहून पुढे गेलेली तापी ज्या सुरतेपाशी समुद्राला मिळते, त्या सुरतेत १९२७ साली आवटींचा जन्म झाला. ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर शिकून १९४५ मध्ये ते तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानची सागरी नाकेबंदी करणाऱ्या ताफ्यात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्या कामगिरीबद्दल त्यांना वीरचक्र मिळाले, पुढे परम विशिष्ट सेवा पदकही. पश्चिम नौदल कमानीचे प्रमुखपद भूषवून १९८३ मध्ये ते निवृत्त झाले.

बहुतेकांची चरित्रे इथे संपतात. आवटी मात्र फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत जाऊन राहिले. तिथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो! तरीही भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी सोडला नाही. निवृत्त अधिकाऱ्याच्या कल्पनेची फाईल एरवी कुठे जाते, हे सांगायला नको. ही कल्पना नौदलाने उचलली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली आणि दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार बंदरांत थांबत ही प्रदक्षिणा पुरी केली. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये ती कुठेही न थांबता केली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जग फिरून आल्या. तो दिवस पाहूनच नोव्हेंबर २०१८ मध्ये आवटी गेले. आमच्या मते युद्धातल्या पदकाइतकेच हे कामही मोलाचे आहे.

आवटी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेही प्रमुख होते. तिथले छात्र शिडाची बोट हाकायला शिकतात ते खडकवासल्याच्या जलाशयात, म्हणजे धरणाच्या अडवलेल्या पाण्यात. शेजारच्या मध्य प्रदेशालाही किनारा नाही. पण देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात शिकली आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत नौकानयनाचे रौप्यपदक घेऊन आली.

मग आपल्याकडे काय कमी आहे? उकाईचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत येतो आणि सरदार सरोवराचे पाणी अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरदऱ्यांत शिरले आहे. या पाण्याने माणसांची शेते आणि गावे गिळली. नर्मदाकाठची ३३ गावे बुडिताच्या यादीत गेली. तिथले रोगीसुद्धा बोटीने दवाखान्यात न्यावे लागतात. त्यामुळे ‘जलपर्यटना’चे फलक लावून या जखमेवर मीठ चोळू नये. पाण्यावर वाढलेल्या या मुलांना होडी शिकवावी लागत नाही. त्यांना हवे आहे ते प्रशिक्षकाने दिलेले रीतसर शिक्षण, जीवरक्षक जाकिटे आणि परीक्षेची तयारी. राष्ट्रीय छात्र सेनेची नौदल शाखा समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात चालते; ती नंदुरबारमध्ये का नसावी, याचे उत्तर जिल्हा प्रशासनाने आणि लोकप्रतिनिधींनी द्यावे.

जिल्हा नियोजन समितीने पुढच्या आराखड्यात या दोन जलाशयांवर शिडाच्या बोटींच्या प्रशिक्षणासाठी तरतूद करावी, आणि पहिल्या तुकडीतल्या जागा बुडीत गावांतल्या मुलामुलींसाठी राखून ठेवाव्यात.